पहिली पट्टी

"मी खांबावरून हाक मारल्याबिगर कोणी फोन उचलू नका," लाइनमन रतनसिंगानं बजावलं. "आधी व्यंकटराव, मंग किसनराव. फोन उचलला की तिकडं एक्सचेंजात बोर्डावर पट्टी पडते. पहिल्या पट्टीवर तिथली बाई व्यंकटरावांचं नाव लावणार, दुसरीवर किसनरावांचं."

किसनरावांच्या पोटात दुखलं. वारंगा फाट्यावर दोघांची दुकानं समोरासमोर, यांचं खताचं, त्यांचं कापडाचं. छताचा पंखा आधी व्यंकटरावांकडे फिरला, रंगीत पाटी आधी त्यांचीच लागली. आता फोनही आधी त्यांनीच उचलायचा? खरं तर किसनरावांनी फोन घेतला होता तो सुमनसाठी. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून लेकीशी दोन वर्षं अबोला धरला, आणि गेल्या आठवड्यात स्वतःच हार खाऊन औरंगाबादला पत्र टाकलं, 'गुरुवारी फोन लागतोय. कर.'

रतनसिंगानं दोन्ही तारा जोडल्या. तो हाक मारायला तोंड उघडतोय, तोवर किसनरावांनी फोन उचललाही.

"हं, लागला," कानात बाईचा आवाज आला. त्यांनी गुपचूप फोन ठेवला आणि मिशीत हसले. मग हाक आली आणि बिचाऱ्या व्यंकटरावांनी आपला उचलला.

तासाभरात घंटी वाजली. समोर!

किसनरावांचा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात व्यंकटराव हातवारे करत रस्ता ओलांडून पळत येताना दिसले.

"मिरवायला येऊन राहिला," किसनराव पुटपुटले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. व्यंकटराव दार बडवत राहिले, ओरडत राहिले. बाहेर ट्रकचे भोंगे वाजत होते. किसनरावांना ऐकायचंही नव्हतं. बऱ्याच वेळानं एकच शब्द आत आला, "सुमन!"

ते अनवाणी धावले. समोरच्या दुकानातला फोन कानाला लावला तेव्हा त्यात नुसती खरखर होती.

"ट्रंककॉल व्हता. तीन मिन्टं संपली," व्यंकटराव धापा टाकत म्हणाले. "किसनरावांचा नंबर द्या म्हणाली, तर माझ्याकडं वाजला. 'बाबा येऊन राहिले का?' इचारत व्हती. मी फोन तसाच ठेवून पळालो."

इतक्यात रस्त्यापलीकडे किसनरावांच्या दुकानात घंटी वाजू लागली.

"तो माझा असंल," व्यंकटराव सावकाश म्हणाले. "किसनराव, तुमी आधी उचलला व्हता का?"

व्यंकटराव आपला फोन घ्यायला पलीकडे गेले. किसनराव मात्र त्यांच्या गादीवर, त्यांच्या फोनला खेटून बसून राहिले. सुमननं पुन्हा केला, तर तो आता इथंच वाजणार होता.