फुली

नव्या महामार्गाचं काँक्रीट आतून कुठं पोकळ राहिलंय, हे म्हातारा पहार आपटून सांगायचा. पक्कं असलं की खणखणीत वाजायचं, पोकळ असलं की बद्द. मग वैद्याने नाडी धरावी तसा तो कान लावायचा आणि खडूने फुली मारायचा.

त्या टळटळीत दुपारी त्याने पहार आपटली आणि खालून उत्तर आलं. आधी एक थाप, मग लगोलग दोन.

म्हातारा जागीच थिजला. त्याचा पोरगा घराचं पत्र्याचं दार असंच वाजवायचा. तोही याच रस्त्यावर कामाला होता. इथलं काँक्रीट ओतलं, त्या दिवसापासून घरी आला नव्हता.

त्याने तिथे फुली मारली. "मुकादम, ऐकलंत?"

"अहो बाबा, तुमचे कान वाजतात. पोरगा पळून गेलाय, किती वेळा सांगू?" मुकादम म्हणाला, पण बोलता बोलता फुलीवरून बाजूला सरकला.

म्हातारा हटूनच बसला, तेव्हा तेवढा तुकडा फोडला. खाली नुसती खडी.

"झालं समाधान?"

तेवढ्यात मुकादमाच्याच पायाखालून थाप आली. एक, मग दोन. त्याने रस्त्यावरून खाली उडीच मारली.

म्हाताऱ्याने तापलेल्या काँक्रीटवर गाल टेकवला. घरी म्हणायचा तसंच म्हणाला, "उघडंच आहे रे, ढकल."

थाप जरा पुढे सरकली. मग आणखी पुढे. अंधारात दार चाचपडणाऱ्या माणसासारखी ती लांब लांब जात राहिली, आणि रस्ता तर नजर पोचेल तिथवर सलग होता.