बिनकाट्यांचे पाय

अभिमनने लोणच्याची बरणी अंगणात पसरलेल्या वर्तमानपत्रावर उपडी केली. भपकन घाणेरडा वास सुटला. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईने, मंजुळाबाईंनी, पदर नाकाशी नेला.

"मनी बरनी वाया गयी," त्या म्हणाल्या. "आते तिनामा लोनचं घालसू तर खाई कोन?"

"माय, थांब तू! आज पक्कं व्हयी जाई."

रविवारची सकाळ. अख्खी गल्ली सरपंचांच्या टीव्हीपुढे जाऊन बसली होती, आणि फैजपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक पिंपळनेरजवळच्या आपल्या गावी मातीत नाक खुपसून बसले होते.

बरणीत होते भुईमुगाच्या मुळांशी बिळं करून राहणारे काळे, नखाएवढे ढेकूण. खोदता खोदता लाखो वर्षांत या कुळाचे पुढचे पाय फावड्यासारखे झाले आणि त्यांवर काटे आले. कोणता किडा कोणत्या प्रजातीचा हे ओळखायचं, तर आधी ते काटे बघायचे. इथल्या किड्यांना काटे भरपूर. पण याच शिवारात अभिमनला गुळगुळीत पायांचेही काही सापडले होते. नवी प्रजाती! जगात कुणी न पाहिलेली! तिला आईचं नाव द्यायचं त्याने ठरवून टाकलं होतं.

मंजुळाबाईंना ‘अभिमननी माय’ सोडून दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याला जमाना झाला होता. "वास मारनारा किडाले मनं नाव?" म्हणून त्या आधी हसल्या. मग शेजारच्या ताईबाईला सांगून आल्या, मग गिरणीत, मग एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही.

आता फक्त काटेवाल्यांच्या घरात बिनकाट्याचा निघत नाही, एवढं दाखवायचं बाकी होतं. म्हणून शेतातली मुरमाड माती आईच्याच तव्यावर भाजून, तीत दुसरं काही जिवंत उरू न देता, त्याने मागच्या सुट्टीत एकेक काटेवाला तपासून बरणीत सोडला होता आणि वर फडकं बांधलं होतं.

तो काडीने ढेकळं फोडू लागला. पहिला काटेवाला. दुसराही काटेवाला. "शाब्बास!" तो किड्यालाच म्हणाला. तिसऱ्या ढेकळात छोटीशी खोली कोरलेली होती. आत एक किडा अंड्यांचा गोळा पोटाखाली धरून बसला होता. घर फुटलं तरी जागचा हलेना. अभिमनने भिंग लावलं. पाय साफ गुळगुळीत.

"माय!" तो एवढ्याने ओरडला की अंगणातली कोंबडी फडफडून भिंतीवर गेली. "बिनकाटानी! आठे, बरनीमा!"

"मंग चांगलंच व्हयनं ना."

"पन कोठून उनी? माती तं आपन भाजेल व्हती. फडकं कोनी सोडं का?"

"कोनी हात लायेल नही. मी वरतूनच पानी शिपडू."

अभिमनने पुन्हा भिंग लावलं, या वेळी श्वास रोखून. जिथे जिथे काटा असायला हवा, तिथे तिथे बारीक खुंट होता. मुरमात अंड्यांसाठी घर कोरता कोरता काटे झिजून गेले होते.

तो घरात धावला आणि कार्डावर चिकटवलेल्या नमुन्यांची पेटी घेऊन आला. एकेक गुळगुळीत किडा भिंगाखाली धरला. खुंट. यालाही खुंट. आणि साऱ्या माद्या! ‘नर अजून सापडलेला नाही,’ असं तो दोन वर्षं सगळ्यांना ऐटीत सांगत आला होता. नर सापडणार कुठून, कपाळ!

त्याने पेटी खाली ठेवली. नवी प्रजाती हातची गेली याचं त्याला फार वाईट वाटलं. पण पुढच्याच क्षणी तो परत त्या ढेकळावर ओणवा झाला.

"माय, दख, दख! पळत नही शे ती! घर फुटनं तरी अंडास्ना गोळा धरीसन बठेल शे!"

मंजुळाबाई उठून आल्या. त्याच्या हातातलं भिंग घेऊन बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. या वेळी पदर नाकाशी गेला नाही.

"मंग मनं नाव?" त्यांनी विचारलं.

अभिमनला त्यांच्याकडे बघवेना. "भेटाव नही, माय. हाई येगळी नही शे. तीच शे. माय व्हयनी, काटा झिजनात, बस."

मंजुळाबाईंनी भिंग डोळ्यापासून काढलं नाही.

"माय व्हयनी म्हनीसन तिनं नाव गयं?"