चौथा अध्याय

प्रल्हादने तिसरा अध्याय संपल्याचा शंख फुंकला, आणि कांचनच्या शेजारचा पाट पुन्हा रिकामा झाला.

"अहो, आता कुठे निघालात?"

"स्कोअर बघून आलोच. दोन मिनिटं."

हळदकुंकवाने माखलेली बोटं तशीच घेऊन, पितांबराचा सोगा सावरत गुरुदत्त तळघराचा जिना उतरला. ही तिसरी वेळ. खाली टीव्हीसमोर अमेरिकेतल्या या एडिसन गावातले नऊ मराठी इंजिनिअर आधीच ठाण मांडून बसले होते. बॉस्टननं तीन मॅच जिंकलेल्या, लॉस एंजेलिसनं दोन. आज बॉस्टन जिंकलं की बास्केटबॉलची चॅम्पियनशिप त्यांची. गुरुदत्त शिकला बॉस्टनला, त्यामुळे ते खेळाडू जणू त्याचे सख्खे चुलतभाऊ.

कांचनने सत्यनारायणाच्या पूजेचा रविवार मार्चमध्येच ठरवला होता. ते ताडमाड लोक जूनमध्ये नेमके याच दुपारी भांडायला उभे राहणार, हे तिला कोण सांगणार होतं?

गेल्या वर्षी गुरुदत्तची नोकरी गेली, तो अकरा महिने घरी होता. तेव्हा ती देवापुढे बोलली होती, यांना नोकरी लागू दे, जोडीनं तुझी पूजा करीन. नोकरी लागली. हे घरही झालं. भटजी मिळेना, म्हणून प्रल्हादभावजी पोथी घेऊन बसले. ते एरवी टेलिफोनच्या कंपनीत. सगळं जमलं होतं. जोडी तेवढी जमत नव्हती.

"वहिनी, थांबू का?" प्रल्हादने विचारलं.

"वाचा. देव तरी बसलाय ना जागेवर, तेवढं पुरे."

चौथा अध्याय सुरू झाला. नवऱ्याचं गलबत आलं म्हणून कलावती प्रसाद टाकून बंदरावर धावली, आणि गलबत बुडालं. कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कलावतीसाठी नव्हतं. इथे नवराच पूजा टाकून पळतोय, आणि बुडत काहीच नाही, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात खालून ओरडा झाला. "टीव्ही गेला, यार!"

जिन्यावर पावलं धडधडली. कुणी अँटेनाला दोष दिला, कुणी ट्यूबला. त्यांच्यातला संजीव गॅरेजमधली स्विचची पेटी बघायला निघाला, तर तिकडूनच गुरुदत्त आला.

"मी बघून आलो. सगळे स्विच ठीक आहेत. बिल्डरनं वायरिंगच भिकार केलंय." आणि त्याने बिल्डरला सगळ्यांत जास्त शिव्या घातल्या.

"प्रसाद टाकून गेलात, गलबत बुडणारच," प्रल्हाद म्हणाला. बायका हसल्या. नऊ इंजिनिअर निमूट मांडी घालून बसले. गुरुदत्त पाटावर बसला. कांचनने त्याच्या हाताला हात लावला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. पाचवा अध्याय झाला. आरतीला घर दणाणलं.

"टीव्ही गेला म्हणून बसलात," प्रसाद देताना ती पुटपुटली.

"हो ना. नशीबच फुटकं," तो शिरा खात म्हणाला.

पाहुणे पांगले. संध्याकाळी संजीवचा फोन आला, बॉस्टन हरलं, सातवी मॅच मंगळवारी. गुरुदत्तने फक्त "बरं" म्हटलं. कांचनचा राग अजून उतरला नव्हता. ती धुसफुसत घडीच्या खुर्च्या ठेवायला गॅरेजमध्ये गेली. स्विचच्या पेटीचं झाकण उघडं होतं. ते लावायला तिने हात पुढे केला.

एकच स्विच खाली पाडलेला होता, आणि त्याच्यावर हळदकुंकवाचं बोट उमटलं होतं.