‘ळ’च्या पोटातला खड्डा

थोरलीने ‘ळ’च्या पोटात मुद्दाम एक खड्डा पाडला. वळणावरचा एक बिंदू माउसने आत ओढला, फाइल जतन केली, तिची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि पर्स उचलली.

“निघते गं.”

कापायच्या मशीनजवळ पत्रा पुसत बसलेली धाकटी जाऊ हसली. त्या हसण्यातही थोरलीला काळंबेरं दिसलं.

दोघी जावांचं पाट्या बनवायचं दुकान. थोरली कॉम्प्युटरला जोडलेल्या पॅडवर पेनने अक्षरं काढायची, धाकटी ती पत्र्यात कापायची. पण हल्ली थोरली घरी गेली की तिच्या फाइलींना कुणीतरी हात लावत होतं. बदलाची वेळ स्क्रीनवर ढळढळीत दिसायची. नेमकं काय बदललंय ते मात्र डोळ्यांना सापडत नव्हतं. दुकानात तिसरं माणूस नाही. म्हणजे हीच. काम चोरतेय, गिऱ्हाइकं फोडतेय, उद्या समोरच स्वतःचं दुकान थाटेल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तुला खिडकीतला कावळासुद्धा हेर वाटतो.” संशयाला पुरावा लागत नाही, खुराक लागतो. धाकटी आताशा चहासुद्धा अर्धाच कप द्यायची. कंजूष मेली.

खड्डा बुजलेला दिसला की चोर सापडला. मग उद्याच्या उद्या दुकानाबाहेर.

सकाळी तिने कॉम्प्युटरवरची आणि पेनड्राइव्हमधली, दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा वळणं तपासायचा ‘कंगवा’ चालू केला. वळणाच्या अंगावर बारीक दात उभे राहिले. वळण सलग असलं की हे दात हळूहळू वाढतात, हळूहळू उतरतात. रेषेला कुठे उचकी लागली की तिथे एकदम ताठ होतात. धाकटीने कितीदा तरी सुचवलं होतं, एकदा लावून बघा. थोरली उडवून लावायची, “डोळे आहेत मला. कंगवा टकल्याला विक.”

एका फाइलीत दात शांत होते. दुसरीत नुसता उच्छाद.

“ये इकडे! बघ काय करून ठेवलंस! हा ‘ळ’ आहे की साळिंदर? शाळेच्या फाटकावर लागायचा होता हा! नीघ, चालती हो इथून!”

धाकटी हात पुसत आली. तिने स्क्रीनकडे बघितलं. मग जमिनीकडे.

“वहिनी, ती पेनड्राइव्हमधली आहे. तुमची.”

थोरलीने फाइलचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग शांत दातांच्या फाइलीकडे वळली. तिथे फक्त एकाच जागी दात ताठ होते. तिनेच पाडलेला खड्डा. कुणी त्याला शिवलंही नव्हतं.

“मग हा का सोडलास?”

“तो एकच मुद्दाम काढल्यासारखा होता. म्हटलं, वहिनींना तसाच हवा असेल.”

“आणि बाकीचे? ते तू रोज गुळगुळीत करायचीस?”

धाकटी मशीनमागे गेली आणि चहा घेऊन आली. अर्धाच कप.

थोरलीने तो पेन धरायच्या उजव्या हातात घेतला. चहा हिंदकळत काठापर्यंत आला. सांडला नाही.