डोक्याएवढा डाग

"यापेक्षा टोकदार नाही का?" सुनेने विचारलं.

मिस्त्रीने हातातली टाइल उजेडात तिरकी धरली. पांढऱ्या टाइलवर बोटाच्या पेराएवढे सुळके होते, एकाची सावली दुसऱ्यावर पडत होती.

"यापेक्षा टोकदार म्हणजे किसणीच होईल, ताई."

"होऊ दे. त्या भिंतीला कुणी टेकता कामा नये."

मिस्त्रीने भिंत पाहिली. खिडकीशेजारी वेताची खुर्ची होती. तिच्या मागे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा गोल पिवळट डाग.

"सासरे?"

"आणखी कोण? डोक्यामागे टॉवेल घ्या म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकतील तर शपथ."

बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा म्हणाला, "मी म्हणत होतो, नुसता रंग मारू. दोन तासांचं काम. पण या घरात माझं ऐकतो कोण?"

"तू पेपर वाच," ती म्हणाली.

मिस्त्रीने छिन्नी-हातोडा काढला. तेलकट भिंत टाइल धरत नाही, आधी टाचे मारून ती खरबरीत करावी लागते. पण सून मध्येच येऊन उभी राहिली.

"भिंत टोचायची नाही. कडेने चौकट ठोका, तिच्यावर बोर्ड, आणि टाइल बोर्डावर."

"भिंत तीन इंच आत येईल."

"येऊ दे. आणि इथली एक टाइल चुंबकावर ठेवा, काढता येईल अशी. तिच्यामागे बोर्डाला खिडकी कापा. वायर आहे." तिने बोट डागाकडे दाखवलं.

मिस्त्रीला वायर काही दिसली नाही. पण लोकांच्या वायरी कुठूनही जातात.

काम तीन दिवस चाललं. म्हातारा एकदाही दिसला नाही. बाजूला सरकवलेल्या खुर्चीवर घडी घातलेला पेपर आणि चष्म्याचं घर तेवढं असायचं. फिरायला जात असतील, नाहीतर रुसून आतल्या खोलीत बसत असतील, असं मिस्त्रीला वाटलं. त्याच्या स्वतःच्या बापाची जागा दाराच्या पायरीवर होती. तिथे दुसरं कुणी बसलं, तर तो माणूस उठेपर्यंत बाप शेजारी उभा राहून खोकायचा.

तिसऱ्या दिवशी चुंबकावर मिस्त्रीने सुळक्यांची टाइल लावलीच नाही. पिशवीतली एक सपाट पांढरी लावली.

सुनेच्या ते लगेच लक्षात आलं. "ही सपाट कशी?"

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. "बाकी सगळी भिंत तुमच्या मनासारखी केली, ताई. एवढी एक त्यांना असू द्या. म्हाताऱ्या माणसाने डोकं टेकायचं कुठे?"

तिने सपाट टाइलवर तळहात ठेवला. आता उखडायला लावणार, असं त्याला वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

खाली रस्त्यावर आल्यावर त्याला आठवलं, टाइल सरळ बसली का ते बघायची लेव्हल वर घरातच राहिली. तो परत गेला. दार उघडंच होतं.

खुर्ची जागेवर आली होती, पण भिंतीकडे तोंड करून. तिच्यात सून बसली होती. सपाट टाइल मांडीवर होती. बोर्डाच्या खिडकीत चेहरा घालून, डागाला नाक लावून, ती सावकाश श्वास घेत होती.

नवऱ्याने पाय न वाजवता लेव्हल आणून दिली.

"अजून वास येतो म्हणते," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबांना जाऊन तीन वर्षं झाली."