तेवढं घरी नेते

“फोटू घरातच ऱ्हाऊ द्या, सायेब. रस्त्यावर आला की पायदळी जातो,” शहीद जवान दशरथच्या आईने लेकाच्या चितेपाशी कर्नल अभय देवधरांना सांगितलं होतं. त्यांनी शब्द दिला होता.

पुढे कर्नल निवृत्त झाले, खराडीतल्या कंपनीचे डायरेक्टर झाले आणि आता विधानसभेला उभे राहिले. चौकाचौकांत त्यांचे फ्लेक्स लागले, शेजारी गणवेशातला दशरथ. “सर, तुम्हाला कोण ओळखतं? मतं त्याच्या फोटोला आहेत,” प्रचार सांभाळणारा रोहन म्हणाला, तेव्हा त्यांनी होकार दिला होता.

आज सकाळी रोहनचा फोन आला. “सर, आपले फ्लेक्स कापणारी बाई सापडली. विरोधकांचीच असणार. हडपसरला या.”

गाडीतून उतरताच त्यांनी ओळखलं. दशरथची आई फुटपाथवर बसली होती. कापून घेतलेले लेकाचे चेहरे तिने निर्माल्य धरावं तसे पदरात धरले होते.

“तुमच्या फोटूला हात न्हाई लावला, सायेब,” ती म्हणाली. “माझं पोरगं तेवढं घरी न्हेते.”

कर्नलांनी रोहनच्या हातातली तिची कात्री मागून घेतली.

“अहो सर, चार दिवसांवर मतदान आलंय! आणि फ्लेक्स अख्ख्या मतदारसंघात लागलेत. कुठे कुठे पुरे पडणार?”

पलीकडे एक फ्लेक्स सुटून रस्त्यावर पडला होता. गाड्या त्यावरून जात होत्या. कर्नल कात्री घेऊन तिकडे चालू लागले.