सेकंदाला एकशेवीस अक्षरं

"बावीस तास!" इंजिनीअर खुर्चीतून उठलीच. "बाबा, वरच्या केंद्राची एक फाईल या मोडेमवरून यायला बावीस तास लागतील."

"अठ्ठावीस," टेबलाखालून सासऱ्यांचा आवाज आला. ते फोनची वायर मोडेममध्ये खोचत होते. "तू आठाने भागलंस. या जुन्या यंत्रात प्रत्येक अक्षराच्या पुढे एक बिट जातो आणि मागे एक. दहाने भाग. बाराशे बिट भागिले दहा. सेकंदाला एकशेवीस अक्षरं."

धरणाच्या नियंत्रण कक्षात दुपारचे बारा वाजून गेले होते. नदीची पातळी मोजणारं वरच्या खोऱ्यातलं केंद्र सकाळी नवापासून मुकं होतं. वादळात मोबाईलचा टॉवर आडवा झाला आणि शंभर मेगाबिटचं नवं नेटवर्क त्याच्याबरोबर गेलं. उरली होती फोनची जुनी तांब्याची तार. ती सासऱ्यांनीच ओढलेली, आणि वरच्या टोकाला केंद्रात त्यांनीच बसवलेला मोडेम अजून जोडलेला होता. निवृत्त होईपर्यंत ते याच धरणावर तारमास्तर होते. सुनेचा फोन येताच माळ्यावरचा मोडेम पिशवीत घालून ते धावत आले होते, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

मुख्य अभियंता, म्हणजे साहेब, खिडकीशी उभे होते.

"दारं उघडली तर खालच्या बाजारात पाणी शिरणार. उगाच शिरलं तर लोक मला उभा फाडतील. नाही उघडली, आणि वरून लोंढा आला..." ते खिडकीपासून वळले. "अठ्ठावीस तास कुठले? माझ्याकडे एक तास नाही."

"पण एवढं असतं काय त्या फाईलमध्ये?" सासऱ्यांनी विचारलं.

"बारा मेगाबाईट. फोटो, आलेख, बॅटरीचा अहवाल..."

"नदी किती चढली हे सांगायला नदीचा फोटो कशाला लागतो गं?"

ती झटकन परत खुर्चीत बसली. मग कागद ओढला. "नुसती वेळ आणि पातळी. एका नोंदीला वीस अक्षरं. पाव तासाला एक नोंद, सहा तासांच्या चोवीस." पेन्सिल थबकली. "चारशेऐंशी अक्षरं. बाबा, चार सेकंद!"

"मग बघतेस काय? फिरव नंबर!"

मोडेमने शीळ घातली, खरखरला, किंचाळला. तारेच्या दुसऱ्या टोकाकडूनही तसंच कुणीतरी किंचाळलं.

"उचलला! उचलला गं त्याने!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

पडद्यावर अक्षरं आली, पण नुसता कचरा. चौकटी, प्रश्नचिन्हं, उलटे कंस.

"गेलं," साहेब म्हणाले.

"नाही गेलं." ती कीबोर्डवर वाकली. "मोडेम सावकाश बोलतोय आणि आपला कॉम्प्युटर घाईघाईने ऐकतोय." तिने कॉम्प्युटरचा वेग उतरवायला घेतला. एक लाख पंधरा हजार. नऊ हजार सहाशे. बाराशे. कचरा थांबला. रिकाम्या पडद्यावर एकच स्वच्छ चिन्ह लुकलुकू लागलं.

"आता एल, आणि पुढे चोवीस. म्हणजे शेवटच्या चोवीस नोंदी येतील," सासरे म्हणाले.

ओळी पडू लागल्या. पहाटेपासून पातळी हलली नव्हती; जिथून ती चढली तिथून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "साडेनऊ, सहा मीटर दहा. पावणेदहा, सहा पंचेचाळीस. दहा, सहा ऐंशी..." आकडे चढत गेले तसा तिचा आवाजही चढला. "बारा वाजता, नऊ मीटर चाळीस!"

"अडीच तासांत सव्वातीन मीटर?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तिथलं पाणी इथे यायला पाच तास लागतात. साडेनऊला चढायला लागलं, म्हणजे अडीचला पोचेल. दोन तास आहेत आपल्याकडे. दोन तास!" ते दाराकडे पळाले. "सायरन द्या! खालचा बाजार रिकामा करा! दारं आत्तापासून एक-एक फूट उचला!"

खिडकीतून बाजाराच्या पायऱ्या दिसत होत्या. कपड्यांचे गठ्ठे, शिलाई मशिनं, कोंबड्यांची खुराडी वर येत होती. एक न्हावी डोक्यावर फिरती खुर्ची घेऊन चढत होता. दर चार पायऱ्यांवर ती गर्रकन फिरून त्याच्या पाठीत बसायची.

साडेचारला पाणी दुकानांच्या पाट्यांना टेकलं. बाजारातून फोन आला: सगळी माणसं वर आलीत, दोनदा मोजली. खोलीत एकच गलका झाला. साहेबांनी तारमास्तरांना मिठीच मारली.

जरा वेळाने ती मोडेमजवळ आली. "बाबा, तोडू का आता लाईन?"

तेवढ्यात पडद्यावर दर पाव तासाला येणारी नवी ओळ उमटली. दुपारपासून पहिल्यांदाच आकडा आधीच्यापेक्षा कमी होता. दोन सेंटिमीटर.

सासऱ्यांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"थांब," ते म्हणाले. "नदी बोलतेय, बोलू दे तिला."